दोनदा

खाबुऱ्याच्या धावपट्टीला धावपट्टी म्हणायचं ते आम्हीच.
खारवट माती, वरून रोलर फिरवलेला,
कडेला वारा कळावा म्हणून काठीवर
जुन्या पँटची एक तंगडी, मीच शिवलेली.
एप्रिल. फजरच्या आधीचा काळोख
आणि पंखांवर दव, इतकं
की बोटानं लिहिता यावं: श. परकार, बाणकोट.

खजुरावर दुबास पडला होता.
आमच्या आंब्यावरच्या तुडतुड्याचाच कोणी चुलतभाऊ.
पानापानावर चिकटा,
खाली घटकाभर उभं राहिलं तर केसांत साखर.
औषध कालवायचं काम माझं. इंधन भरायचंही माझं.
आणि टाकीच्या पोटाखाली वाकून, नळी दाबून,
काचेच्या पेल्यात चार घोट उतरवून
उजेडाकडे धरायचं, तेही.
पाणी तळाला बसतं, पेट्रोल वर राहतं.
एवढंच शास्त्र.

पहिल्या पेल्यात एक थेंब होता.
मासळीच्या डोळ्याएवढा, गोल, जागच्या जागी डुलणारा.
फेकला.
दुसरा पेला स्वच्छ.
तिसराही घेतो आम्ही. नियम नाही, सवय.
मिरोस्लाव्हनंच लावलेली.
पण वारा सुटायच्या आत चार फेऱ्या उरकायच्या होत्या
आणि आज तोच वरून अंगठा दाखवत होता.

चौथ्या फेरीला, वळणावर,
आवाज पातळ झाला.
बंद नाही पडला. पडला असता तर कळलं तरी असतं.
पातळ झाला,
पंगत वाढत जावी
आणि कोणी ताकात पाणी ओतत राहावं, तसा.

खल्फान निशाण धरून बांधावर उभा होता.
त्यानं ते खाली केलं नाही, हलवलंही नाही.
मग पोटातलं सगळं औषध एकदम सुटलं,
पांढरा पडदा,
हलकं झालेलं विमान हातभर उचललं.
मी म्हटलं, सुटला.
आणि ते खजुरांत बसलं.
बसलंच म्हणायचं. करकर आधी ऐकू आली,
दणका मागाहून.

त्या पांढऱ्यातून मी तोंडाला फडकं न बांधता पळालो.
पट्ट्यांत लोंबकळत होता, एक पाय भलतीकडे वळलेला.
आमची इथली भाषा म्हणजे चार देशांची उष्टावळ.
म्हणाला, ‘पॉवर माफी, शरीफ. इंजिन माफी.’
माफी म्हणजे नाही. इथे सगळे तसंच बोलतात,
पगार माफी, सुट्टी माफी.
अकरा वर्षांत पहिल्यांदा
तो शब्द मला मराठीत ऐकू आला.

मस्कतहून दोघे आले.
निचरा घेतला होता? घेतला. किती वेळा?
दोनदा.
त्यांनी दोनदा लिहिलं.
थेंब किती मोठा होता हे कोणी विचारलं नाही,
थेंब होता का, हेही नाही.
सोहारच्या इस्पितळात मिरोस्लाव्ह सांगत राहिला,
ताकद गेली, का गेली ठाऊक नाही.
माझ्याकडे बघून सांगत नव्हता,
टाळूनही नाही.

सहा खजुरांचे शेंडे गेले.
शेंडा गेलेलं झाड परत फुटत नाही,
खल्फान म्हणाला.
माडाचंही तेच. मला सांगायला नको होतं.
बुंधे त्यानं अजून तोडलेले नाहीत.

या मोसमात नवं विमान, नवा पोरगा, त्याला घाई.
मी पाच पाच पेले धरतो उजेडाकडे,
तो काचेवर टिचक्या मारतो.

परवा खल्फाननं चटईवर बसवलं,
खजूर पुढे केला, कॉफी ओतली.
दुसऱ्या पेल्यानंतर विचारलं, अगदी सावकाश,
जनावराच्या तब्येतीबद्दल विचारावं तसं:
त्या दिवशी पाणी होतं?

मी म्हटलं, ‘माफी.’

त्यानं माझ्याकडे बघितलं.
पुरे असेल तर इथे पेला हलवायचा असतो.
मी हलवला नाही.
त्यानं तिसऱ्यांदा ओतली.